स्वतःच्या लग्नाच्या अंगठ्या स्वतः घडवायच्या असतील तर

मंगळसूत्रावर घरातल्या पाच बायकांची पाच मतं असतात आणि त्यात आपलं फारसं काही चालत नाही. अंगठीचं तसं नसतं. "तुमचं तुम्ही जाऊन पसंत करून या," एवढ्यावर मोठी माणसं तिला सोडून देतात. त्यामुळेच ती स्वतः घडवायला मोकळं रान मिळतं. मी आणि माझ्या नवऱ्याने आमच्या दोन्ही अंगठ्या पुण्यात रविवार पेठेतल्या एका कारागिराच्या माळ्यावर बसून घडवल्या. एकमेकांच्या, म्हणजे त्याची मी आणि माझी त्याने. त्यानंतर मैत्रीण, मामेभाऊ, ऑफिसातलं एक जोडपं अशा ओळखीच्यांसोबत मदतीला बसले, त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे.

साधी अंगठी म्हणजे धातूची एक पट्टी, वाकवून टोकाला टोक जोडलेली. एवढंच. हातोडीचा ठोका चुकला तर कानशीने निघतो, चरा पॉलिश पेपरने जातो. पण माप आणि जोड या दोन गोष्टी बिघडल्या की अख्खा दिवस निस्तरण्यात जातो. म्हणून मी त्या दोघींवरच रेंगाळणार आहे आणि बाकीचं भराभर सांगणार आहे.

किती आधी सुरुवात करायची

साखरपुड्याच्या निदान दोन महिने आधी. एका जोडीला कारागीर शेजारी असेल तर पूर्ण एक दिवस लागतो, पण त्याआधी सरावाचा एक दिवस हवा आणि नंतर चुका सुधारायला मोकळा वेळ हवा. नोंदणी विवाह करणाऱ्यांना हे आयतंच जमतं. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावंच लागतं, तेवढ्यात अंगठ्या होतात.

दसरा-दिवाळी, पाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या आधीचे पंधरा दिवस पेठेतल्या कारागिराकडे जाऊच नका. मान वर करायला त्याला फुरसत नसते. उलट पितृपक्षात सराफा थंड असतो. सोनं तेव्हा घ्यायचं नाही म्हणतात, ठीक आहे, घेऊ नका. तांब्यावर हात बसवायला कोण अडवतंय?

कुठे जायचं आणि काय विचारायचं

पुण्यात दोन वाटा आहेत. एक, दागिने घडवणाऱ्या कलाकारांचे शनिवार-रविवारचे वर्ग. तिथे हत्यारं स्वच्छ असतात, चष्मा-ॲप्रन मिळतं, शिकवतात नीट, पण काम बहुधा चांदीत असतं. दुसरी वाट म्हणजे सोन्या मारुती चौक, मोती चौक या बाजूच्या गल्ल्यांतले कारागीर. तिथे अनोळखी माणसाला कोणी बागेसरीजवळ, म्हणजे सोनाराच्या शेगडीजवळ, बसू देत नाही आणि ते रास्तच आहे, कारण तिथल्या फरशीवरच्या धुळीतसुद्धा सोनं असतं. घरच्या नेहमीच्या सराफाकडून ओळख काढा. आमचे कारागीर मूळचे बंगालचे, वीसेक वर्षं पुण्यात असलेले. त्यांना दादा म्हणायचं, दोन्ही भाषांत चालतं.

पैसे भरण्याआधी एक प्रश्न फोनवरच विचारा: "डाख आम्ही स्वतः द्यायची का?" डाख म्हणजे जोड झाळायला, म्हणजे तापवून सांधायला, वापरतात ती मिश्र धातूची पट्टी. आम्ही आधी ज्या वर्गाला गेलो होतो, तिथे आमच्यापुढे ओतून, गोल करून ठेवलेल्या दोन अंगठ्या आल्या आणि चार तास आम्ही त्या नुसत्या घासल्या. फोटो मात्र छान आले. तेव्हा आगीचं काम कोणाच्या हातात असणार, हे आधी स्पष्ट करून घ्या. धातू तुमचा की त्यांचा, उरलेलं कातरण आणि चुरा परत मिळतो का, अंगठी वितळली तर भुर्दंड कोणाला, हेही त्याच फोनवर विचारून टाका. लाजू नका, या धंद्यात सगळेच विचारतात.

धातू

पहिली जोडी चांदीत करा, असं मी सगळ्यांना सांगते आणि कोणी ऐकत नाही.

सोन्यातच करायची तर २२ कॅरेट की १८, हा वाद घरात होणारच. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, १८ म्हणजे ७५०. रंगाने २२ उजवं, हातोडीखाली मऊ, नवशिक्याला घडवायला सोपं. पण मऊ असल्यामुळे रोजच्या वापरात लवकर चरे पडतात आणि दुचाकीच्या हँडलवर, बसच्या दांडीवर घासून अंगठी हळूहळू लंबगोल होते. १८ कॅरेट जास्त कणखर आहे. आत्या "अठराचं काय घेतलंस गं?" असं विचारेल, तयारी ठेवा. आम्ही २२ घेतलं, आत्यामुळे नव्हे, घडवायला सोपं म्हणून.

२४ कॅरेटचं वळं किंवा नाणं घेऊन गेलात तर त्यात तांबं-चांदीची भर घालून ते २२ करतात. हिशोब सोपा: १० ग्रॅम शुद्ध सोन्यात सुमारे ०.९ ग्रॅम भर. आजीची जुनी पाटली किंवा तुटका गोफ आटवायचा असेल तर आधी टंच, म्हणजे सोनं किती शुद्ध आहे ते, काढून घ्या. जुन्या दागिन्यात ठिकठिकाणी डाख असते, त्यामुळे आटवल्यावर टंच खाली येतो. त्यात शिशाचा अंश गेला असेल तर सोनं ठिसूळ होतं आणि पट्टी करताना कडेला भेगा पडतात. माझ्या मैत्रिणीच्या आजीच्या बांगडीचं असंच झालं. तीनदा आटवलं, तिन्ही वेळा भेगा. शेवटी ते सोनं शुद्ध करायला दिलं. आजीचंच सोनं हवं हा हट्ट असेल तर त्यासाठी जास्तीचा आठवडा धरा.

आणि 'केडीएम' डाख कोणी पुढे केली तर नको म्हणा. त्यात कॅडमियम असतं. तापवताना त्याचा धूर होतो आणि तो विषारी आहे. तो धूर तुमच्यापेक्षा जास्त त्या कारागिराच्या छातीत जातो, रोज.

किती धातू लागेल? पट्टी ३ मिलिमीटर रुंद आणि १.७ मिलिमीटर जाड धरली तर २२ कॅरेटमध्ये १२ नंबरची अंगठी साधारण ५.२ ग्रॅम भरते आणि २० नंबरची ५.९. त्याच मापाच्या चांदीच्या अंगठ्या ३ आणि साडेतीन ग्रॅमच्या आसपास, कारण चांदी सोन्याहून बरीच हलकी. कापण्या-घासण्यात जाणारं धरून पाव हिस्सा जास्त धातू घेऊन बसा. तो जास्तीचा वाया जात नाही, परत येतो.

माप

दोरा बोटाला गुंडाळून मापू नका. दोरा ताणला जातो, बोट दबतं. आम्ही डिसेंबरात सकाळी सात वाजता, गारठलेल्या बोटांवर, दोऱ्याने माप घेतलं. सरावाची अंगठी त्या मापाने केली आणि एप्रिलमध्ये ती नवऱ्याच्या पेरावरून पुढे सरकेना. साबण लावूनही नाही.

कारागिराकडे कड्यांचा जुडगा असतो, प्रत्येक कडीवर नंबर. त्यानेच माप घ्या. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात बोट थोडं फुगतं. दोन वेगवेगळ्या दिवशी घ्या. ज्या हातात घालणार त्याच हाताची अनामिका मापा, दोन्ही हातांची बोटं सारखी नसतात. कडी पेरावरून जाताना थोडी अडली पाहिजे आणि मुळाशी गेल्यावर सहज फिरली पाहिजे. पेर जाड आणि मूळ बारीक असेल तर अंगठी पेराच्या मापाची करावी लागते, मग ती आत थोडी सैल राहते. त्याला इलाज नाही. पट्टी ५ मिलिमीटरहून रुंद ठेवणार असाल तर अर्धा नंबर वाढवा. रुंद अंगठी त्याच मापात घट्ट वाटते.

आपल्याकडचा नंबर म्हणजे आतला परीघ मिलिमीटरमध्ये मोजून त्यातून ४० वजा. म्हणजे १२ नंबरचा परीघ ५२, व्यास साधारण १६.६. आता इथे नवशिके हमखास फसतात. पट्टी ५२ मिलिमीटरची कापतात. वाकवताना पट्टीची आतली बाजू आक्रसते आणि बाहेरची ताणली जाते, त्यामुळे लांबी मधल्या रेषेवर धरावी लागते. आतल्या व्यासात पट्टीची जाडी मिळवा आणि त्याला ३.१४ ने गुणा. १६.६ अधिक १.७, म्हणजे १८.३. गुणिले ३.१४, साडेसत्तावन्न मिलिमीटर. २० नंबरसाठी हेच गणित ६५.३ येतं. त्यावर अर्धा मिलिमीटर कानशीसाठी सोडा. जाडी अंदाजाने नको, व्हर्नियरने मोजा. बारावीच्या प्रयोगशाळेनंतर व्हर्नियर हातात पहिल्यांदा इथेच आला माझ्या.

अंगठी ठोकून थोडी मोठी करता येते. लहान करायची तर कापून पुन्हा झाळावी लागते. म्हणून शंका असेल तिथे पाव नंबर लहानच ठेवा.

आधी तांब्याची

अर्थिंगला वापरतात ती जाड तांब्याची तार बुधवार पेठेत विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते. ८ गेजची, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीची, हातभर घ्या. बोहरी आळीत एक मध्यम कानस, पॉलिश पेपर आणि लाकडी मोगरी (लाकडाची हातोडी) मिळेल. तेवढं स्वतःचं असू द्या, बाकीचं कारागिराचं वापरा.

ही तार ऐरणीवर ठोकून चपटी करा. पंधरा-वीस ठोक्यांनंतर ती अचानक हट्टी होते, हातोडी उडायला लागते. धातू ठोकून ठोकून कडक झाला की असं होतं. मग त्याला ताव द्यायचा: ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात सोडायचं. पुन्हा लोण्यासारखा मऊ. लोखंडाच्या बाबतीत ऐकलेलं इथे उलटं होतं. पोलाद तापवून पाण्यात घातलं तर कडक होतं. तांबं, चांदी मऊ होतात. हा लालपणा उजेडात दिसत नाही. दादांनी आमच्यासाठी माळ्यावरचा दिवा घालवला तेव्हा कुठे दिसला. चांदीला एक युक्ती आहे. काळ्या मार्करने तिच्यावर रेघ ओढायची, तापवताना रेघ उडाली की ज्योत बाजूला.

तांब्यावर एक अंगठी पूर्ण केलीत की कुठे हात थरथरतो ते कळतं. माझा करवतीवर थरथरायचा. पाती केसासारखी बारीक असतात, दाते मुठीकडे करून बसवायची, खाली ओढताना कापतं. जोर लावला की तुटतात. पहिल्या दिवशी मी अकरा तोडली. त्याबद्दल कोणी काही बोलत नाही, पात्यांची जुडी मोठी असते.

पट्टी

मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या वाटीत, धातू, वर चिमूटभर सवागी (टाकणखार), आणि ज्योत. सोनं १०६४ अंशांना वितळतं, चांदी ९६२ला. भर घातलेला धातू त्याआधीच पातळ होतो. मुशीत आधी मोत्यासारखे थेंब होतात, मग ते एकमेकांकडे धावतात आणि एकदम एक गोळा होऊन गरगर फिरायला लागतात. तो क्षण बघण्यासारखा असतो. ओतण्याचं काम कारागिराला करू द्या, हट्ट करू नका. साचा आधी गरम केलेला आणि तेल लावलेला असतो. त्यात ओतली की बोटभर लगड निघते.

ती ऐरणीवर चारही बाजूंनी ठोकायची, मग रोलरमधून काढायची. रोलर दर फेरीला थोडासाच आवळायचा. जाडी निम्म्यावर आली की ताव, पुन्हा रोलर. ताव चुकवलात तर कडा फाटतात. रोलरच्या तोंडाशी बोट नेऊ नका, ओढणी आणि सैल बाही तर नकोच. सुती कपडे, बांधलेले केस, पायात बंद चपला, डोळ्यांवर चष्मा, ब्रेसलेट-घड्याळ घरी.

आत तारीख किंवा नाव हवं असेल तर ते पट्टी सरळ असतानाच करून घ्या. भांड्यांच्या दुकानात स्टीलच्या डब्यांवर नाव घालून देतात ना, तीच कला, फक्त बारीक. ३ मिलिमीटर रुंदीत देवनागरी चांगली बसते, शिरोरेघेमुळे अक्षरं एका ओळीत राहतात. मात्र वेलांट्या-उकार रुंदी खातात. "सुमित्रा" लिहायचं म्हटलं तर खालून उकार, वरून वेलांटी, मध्ये जोडाक्षर. अक्षर उरतं तांदळाएवढं. एक अक्षर आणि तारीख पुरे. जोड येईल तिथून दोन्हीकडे पाच-पाच मिलिमीटर मोकळे सोडा.

जोड

आता सावकाश.

पट्टीला ताव देऊन मऊ करा. अर्धगोल तोंडाच्या पकडीने दोन्ही टोकं आधी वाकवा, मग मधला भाग. टोकं भेटायला हवीत, अंगठी गोल दिसायला नको. या टप्प्यावर ती इंग्रजी 'डी'सारखी दिसली तरी चालते. किंबहुना सपाट भागावर जोड आला तर बरंच. टोकं एकमेकांसमोर आणून सोडलीत तर धातू परत उघडतो. म्हणून एक टोक दुसऱ्याच्या जरा पुढे ढकला, मग उलट्या बाजूने, आणि नंतर समोरासमोर आणा. आता ती आपणहून एकमेकांवर दाबून बसतात.

तरीही फट राहते. बंद जोडावरच करवत धरा आणि त्याच फटीतून एक काप घ्या. पातं दोन्ही टोकं एकाच वेळी कापतं, त्यामुळे दोन्ही तोंडं आपोआप समांतर होतात. पुन्हा दाबून बसवा. लागलं तर पुन्हा कापा. अंगठी ट्यूबलाइटकडे धरून बघा. उजेडाची रेघ दिसली तर अजून झालेलं नाही. दादा केस घालून बघायचे. केस आत गेला की अंगठी परत माझ्या हातात. मी पाच वेळा कापलं होतं आणि प्रत्येक वेळी अंगठी केसभर लहान होत होती, हेही ध्यानात असू द्या. तो अर्धा मिलिमीटर यासाठीच सोडलेला असतो.

इतका आटापिटा कशासाठी? तर डाख फट भरत नाही. ती पाण्यासारखी अरुंद जागेत ओढली जाते. टोकं चिकटलेली असतील तर सर्रकन आत शिरते. फट असेल तर एका कडेला जाऊन बसते आणि वरून जोड झाल्यासारखा दिसतो. तो पुढे गोल करताना उघडतो किंवा दोन वर्षांनी.

सवागी पाण्यात उगाळून कुंचल्याने जोडावर लावा, आतून आणि बाहेरून. बोटं स्वच्छ हवीत, तेलकट जागी डाख जात नाही. डाखेची पातळ पट्टी कातरून एक मिलिमीटरचे दोन-तीन कण करा. अंगठी भट्टीच्या विटेवर अशी ठेवा की जोड खाली आणि कण त्याला लागून आत. पहिल्याने ज्योत लांबून, मऊ. सवागी आधी फुगते, बुडबुडे येतात आणि कण सरकतात. चिमट्याच्या टोकाने परत जागी ढकला. मग ती बसते आणि काचेसारखी पारदर्शक होते. त्यानंतर ज्योत जवळ आणा, पण जोडावर नाही. समोरच्या बाजूने सुरू करून सगळी अंगठी फिरत्या ज्योतीने तापवा. डाख उष्णतेकडे धावते, म्हणून सगळी अंगठी सारखी तापली पाहिजे आणि शेवटी जोड. चांदीत हे फार महत्त्वाचं, कारण चांदी एका जागची उष्णता लगेच सगळीकडे पसरवते.

मग एका क्षणी जोडाच्या रेषेवर चकाकी धावते. ज्योत काढा. लगेच.

मी काढली नव्हती. चांदीची सरावाची अंगठी होती. डाख वाहिली की नाही ते नीट दिसलं नाही, म्हणून अजून थोडं, अजून थोडं करत राहिले. अंगठीची कड तुपासारखी चकचकीत झाली. मला वाटलं छान दिसतंय. पुढच्या क्षणी जोड खाली बसला आणि तिथे एक गोटी तयार झाली. दादांनी काही न बोलता ती चिमट्याने उचलली आणि मुशीत टाकली. ९२५ चांदी ८०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते आणि कडक डाख त्याच्या जेमतेम खाली वाहते, हे मला नंतर कळलं. सोन्यात जरा सवड मिळते. पण चकाकी दिसल्यावरही ज्योत तिथेच धरून ठेवायची चूक सोन्यातही महागच पडते.

लाली गेल्यावर पाण्यात सोडा. मग काळपटपणा आणि सवागीची काच काढायला कोमट सौम्य तेजाबात (ॲसिडात). घरी सराव करत असाल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून तेच काम होतं. आजी बंब चिंचेने घासायची, तोच प्रकार. तेजाब पातळ करताना तेजाब पाण्यात ओततात, पाणी तेजाबात कधीच नाही. आणि त्या भांड्यात लोखंडी चिमटा बुडवू नका. चांदीवर तांबूस थर चढतो आणि मग तो घासत बसावं लागतं. तांब्याचा किंवा लाकडाचा चिमटा वापरा.

गोल करणं आणि ठोके

निमुळत्या पोलादी दांड्यावर अंगठी चढवा आणि लाकडी मोगरीने फिरवत फिरवत ठोका. दांडा निमुळता असल्यामुळे एक बाजू मोठी होत जाते. दर दहा ठोक्यांनी अंगठी काढून उलटी घाला. मोगरीने धातू ताणला जात नाही, फक्त गोल होतो. मोठी करायची असेल तर गुळगुळीत तोंडाची लोखंडी हातोडी. जोड कच्चा असेल तर तो इथे उघडतो. उघडला तर वाईट वाटून घेऊ नका, साखरपुड्याच्या दिवशी उघडण्यापेक्षा बरं.

वरून गुळगुळीत अंगठी करण्यापेक्षा ठोक्यांची करा, असं माझं ठाम मत आहे. कसबा पेठेत तांबट आळीत तांब्याच्या घागरींवर मठारकाम करतात, ते ओळीने पडलेले चकचकीत ठोके आठवा. तसेच, छोट्या गोल तोंडाच्या हातोडीने अंगठीवर पाडायचे. हातोडीचं तोंड आरशासारखं घासलेलं हवं; त्यावरचा प्रत्येक चरा अंगठीवर छापला जातो. नवशिक्याच्या कानशीच्या खुणा त्यात झाकल्या जातात आणि पुढे रोजच्या वापराचे चरे उठून दिसत नाहीत. फक्त लक्षात ठेवा, ठोक्यांनी अंगठी वाढते. असं करायचं ठरवलंत तर सुरुवातच अर्धा-एक नंबर लहानपासून करा. आत कोरलेलं असेल तर ठोके हलके.

कानस आणि पॉलिश

जोडावर उरलेली डाख कानशीने उतरवा, पुढे ढकलताना दाब, मागे आणताना उचल. आतल्या कडा अर्धगोल कानशीने गोलसर करा. अंगठी बोटाला कशी वाटते हे बाहेरच्या चकाकीवर नाही, या कडांवर ठरतं. मग पॉलिश पेपर ४००, ६००, ८००, १२००. प्रत्येक पेपर आधीच्या रेघांना आडवा चालवा, म्हणजे जुन्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. हे कंटाळवाणं आहे. गाणी लावा.

बफच्या, म्हणजे पॉलिशच्या चाकाच्या, मोटरवर अंगठी बोटात घालून धरू नका, कधीही. चाकाने ओढली तर बोटासकट ओढते. हे काम दादांना दिलं तरी तुमची अंगठी 'स्वतः घडवलेली'च राहते. शेवटी रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशने धुवायची. लाल पॉलिशचा चिखल निघून गेल्यावर खरा रंग पहिल्यांदा दिसतो.

हॉलमार्क आणि पुडी

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरांकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक, असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही. तुम्ही अंगठी विकत नाही आहात, त्यामुळे तुम्हाला ती सक्ती नाही. पण पुढे कधी मोडायची वेळ आली तर कागद असलेला बरा. टंच तपासून चिठ्ठी घ्या आणि २४ कॅरेटच्या खरेदीची पावती तिच्यासोबत ठेवा. प्रत्यक्ष शिक्का हवाच असेल तर नोंदणी असलेल्या सराफामार्फत करावा लागतो, ते आधी बोलून ठेवा.

सुरुवातीला धातू तुमच्यासमोर तोलून वहीत लिहून घ्या. शेवटी अंगठ्या, कातरण आणि कानशीचा चुरा वेगवेगळा तोला. बेरीज पूर्ण जुळणार नाही, थोडी घट येतेच. पॉलिशमध्ये गेलेलं, बोटांना लागलेलं, फरशीवर सांडलेलं. सराफ्यातली धूळ गोळा करून तिच्यातून सोनं काढणारे झारेकरी त्यावरच पोट भरत आले आहेत. संध्याकाळी दादांनी आमच्या पुढ्यातल्या चामड्यावरचा चुरा कुंचल्याने एका कागदावर झाडला, चुंबक फिरवून त्यातले तुटलेल्या पात्यांचे तुकडे काढले आणि कागदाची पुडी बांधून वर पेन्सिलीने १.३ ग्रॅम लिहून दिलं. पुडी मागून घ्या. सहसा देतात, पण मागावी लागते.